गल्लीतल्या गाडीत कुणी राहत असेल तर काय करावे: नाशिकच्या वसाहतींसाठी मार्गदर्शन

गाडीत रात्र काढणारा माणूस नाशिकला नवा नाही. आडगावच्या ट्रक टर्मिनसवर आणि अंबडच्या कारखान्यांबाहेर चालक व क्लीनर केबिनमध्येच झोपतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला आलेले भाविक जीपमध्ये सतरंजी अंथरतात. द्राक्षबागा पाहायला मुंबईहून आलेली हौशी मंडळी छपरावर तंबू असलेली महागडी गाडी धरणाकाठी लावून मुक्काम करतात. यांपैकी कुणालाही आपण जाब विचारत नाही. तेच एखाद्या कुटुंबाने जुन्या ओम्नीत बिऱ्हाड केले आणि चार दिवसांनी तिच्या आरशाला दोरी बांधून कपडे वाळत घातलेले दिसले, की कॉलनीच्या व्हॉट्सअॅप गटावर तिचा फोटो फिरू लागतो. कृती एकच आहे. पहिल्या तिघांना परत जायला घर आहे असे आपण धरून चालतो आणि ओम्नीतल्या कुटुंबाबद्दल तसे धरत नाही, एवढाच फरक. पुढील सूचना त्या ओम्नीच्या आसपास राहणाऱ्या रहिवाशांसाठी, सोसायटीच्या चेअरमन-सेक्रेटरींसाठी आणि प्रभागातील कार्यकर्त्यांसाठी आहेत. त्यांमागचा आग्रह एकच आहे: तक्रार असेल तर ती वर्तनाची असावी, घर नसल्याची नसावी.

आधी गाडीत कोण आहे ते समजून घ्यावे

लांबून पाहून काढलेला निष्कर्ष बहुधा चुकतो, कारण गाडीत राहणाऱ्यांचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाची गरज निराळी असते. त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात सुरगाणा, पेठ, कळवण या भागांतून रुग्ण येतो आणि त्याचे नातेवाईक, लॉज परवडत नाही म्हणून, आणलेल्या जीपमध्येच आठवडा काढतात. त्यांना फक्त पाण्याची, शौचालयाची आणि गाडी लावायच्या जागेची गरज असते. चटया, कुंड्या, प्लास्टिकच्या खुर्च्या किंवा रजया विकणारी कुटुंबे छोटा हत्ती भरून येतात, दिवसा रस्त्याकडेला माल मांडतात आणि रात्री त्याच मालाच्या राखणीला गाडीत झोपतात. भाड्याची रिक्षा चालवणारा एकटा माणूस खोलीचे डिपॉझिट जमत नाही म्हणून मागच्या सीटवर अंग मुडपून पडतो. घरातून बाहेर पडावे लागलेला वृद्ध, कर्जात घर गेलेला लहान उद्योजक, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मुलाला घेऊन निघालेली बाई यांच्याकडे कधी कधी एक जुनी कार तेवढी उरलेली असते. ही माणसे आपण बेघर आहोत हे स्वतःशीही कबूल करत नाहीत, म्हणून ती सर्वांत शेवटी मदत मागतात.

आणखी एक गट पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. गाडीलोहारांची बैलगाडी हेच त्यांचे घर, भाता आणि दुकान होते. घिसाडी आणि इतर भटक्या जमातींचा संसारही चाकांवर आणि जनावरांच्या पाठीवर फिरत आला. त्यांनी घडवलेली विळी, कुऱ्हाड आणि खुरपे गावाने वापरले, पण गावठाणात जागा मात्र क्वचितच दिली. आज बैलगाडीच्या जागी टेम्पो आला असेल. वसाहतीचा ‘हे लोक कुठले?’ हा सूर बदललेला नाही.

सरकारी मोजणीतही ही मंडळी निसटतात. २०११ च्या जनगणनेत बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशात सुमारे १७.७ लाख, तर महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख बेघर नोंदले गेले. उघडी जागा, पदपथ, ह्यूम पाइप, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाचे आवार, मांडव, रेल्वे फलाट अशी ठिकाणे त्या गणनेच्या व्याख्येत दिलेली होती. त्या यादीत उभ्या मोटारीचे नाव नाही. काचा लावून, आतून पडदा सोडून झोपलेले कुटुंब रात्री बाहेरून रिकाम्या गाडीसारखेच दिसते, आणि त्यांची इच्छाही नेमकी तीच असते.

बोलावे कसे

एकाने, फार तर दोघांनी, दिवसाउजेडी जावे. कमिटीचे आठ जण रात्री दहाला टॉर्च घेऊन गेले, तर पुढचे सगळे संभाषण बचावाचे होते. गाडीत बाई किंवा मुले असतील तर सोबत एक महिला असावी. काच वाजवण्यापूर्वी दोन हात अंतरावरून हाक मारावी, कारण त्या माणसाच्या लेखी ती काच हे त्याच्या घराचे दार आहे. सुरुवात पोलिसी प्रश्नाने करू नये. “दादा, नमस्कार, आम्ही समोरच राहतो. कुठल्या गावचे तुम्ही? काही अडचण आहे का?” एवढे पुरते. वयाने मोठी बाई असेल तर “मावशी, पाण्याची सोय आहे का?” या प्रश्नाने बोलणे लवकर सुरू होते. आधार कार्ड मागणे, गाडीत डोकावणे, मुलांना वेगळे प्रश्न विचारणे हे आपले अधिकार नाहीत. संशयाला खरेच कारण असेल तर ते काम पोलिसांचे आहे.

उत्तर मिळाले नाही तर रागवू नये. ज्याला आधीच्या तीन ठिकाणांहून उठवले आहे, तो चौथ्या ठिकाणी पहिल्याच भेटीत आपली कहाणी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे आणि तोवर गाडीचा, नंबर प्लेटचा किंवा माणसांचा फोटो कुठल्याही गटावर टाकू नये. कुणी टाकलाच तर अॅडमिनने तो काढावा. घरातून जीव वाचवून निघालेल्या बाईच्या गाडीचा क्रमांक तिला शोधणाऱ्याच्या हाती पडणे किती घातक आहे, हे वेगळे सांगायला नको.

तक्रारीचे तुकडे करावेत

सोसायटीच्या बैठकीत ‘हे लोक नकोत’ असे एक मोठे वाक्य येते. त्या वाक्याच्या पोटात बहुधा चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी असतात आणि प्रत्येकीचे उत्तर वेगळे असते. त्या सुट्या करून लिहून काढण्याचा आग्रह सेक्रेटरीने धरावा.

गाडीने फाटक, अग्निशमनाची वाट किंवा वळण अडवले असेल, तर ती पन्नास फूट पुढे घ्यायला सांगावी. हा प्रश्न घराचा नाहीच, आणि खरे सांगायचे तर आपल्याच सभासदांच्या दुसऱ्या-तिसऱ्या गाड्या याहून जास्त जागा अडवत असतात.

अस्वच्छतेची तक्रार बहुतेक वेळा खरी असते, पण तिचे मूळ स्वभावात नसून रात्री शौचालय बंद असण्यात असते. जवळचे सार्वजनिक शौचालय किती वाजता बंद होते ते पाहावे आणि ते रात्री उघडे ठेवण्याची मागणी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात करावी. पेट्रोल पंपांवर पिण्याचे पाणी, हवा आणि शौचालय या सोयी मोफत देण्याचे बंधन पंपचालकांवर आहे, ही माहिती गाडीतल्या माणसाला जरूर द्यावी. कचरा घंटागाडीत टाकता येतो. तिची वेळ त्यांना सांगितली आणि एक पिशवी दिली की गाडीभोवतीचा निम्मा पसारा नाहीसा होतो.

चोरीची भीती सर्वांत आधी बोलून दाखवली जाते आणि तिला पुरावा सर्वांत कमी असतो. ज्याचे सगळे किडूकमिडूक एका काचेआड आहे, त्याला चोराचे भय बंगल्यात राहणाऱ्यापेक्षा अधिक असते. प्रत्यक्ष चोरी, छेडछाड, दारू पिऊन धिंगाणा झाला असेल तर ११२ वर कळवावे, आणि तक्रारीत काय घडले ते लिहावे. ‘गाडीत राहणारे’ एवढेच लिहू नये. जागेचे भाव पडतील ही तक्रार मात्र बैठकीत कुणी मोठ्याने मांडत नाही, म्हणून चेअरमनने ती स्वतःच मांडावी. बोलली गेली की तिचे वजन सभेला आपोआप कळते.

कायदा किती आहे आणि किती नाही

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ नुसार, सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेली किंवा पार्किंगला मनाई असलेल्या ठिकाणी उभी केलेली गाडी पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो. ज्या गाडीत माणूस आहे तिला बेवारस म्हणता येत नाही. त्यामुळे ‘नो पार्किंग’ नसलेल्या रस्त्यावर ‘टोइंगवाल्याला बोलवा’ हा सोपा वाटणारा उपाय कायद्याला धरून असेलच असे नाही. गाडी उचलणे हे इथे दंडापेक्षा फार मोठे आहे, कारण एका फेरीत घर, रोजगार आणि कागदपत्रे तिन्ही जातात.

महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक ठिकाणी अशा अवस्थेत वावरतो की तो भिकेवर जगत असावा असे वाटते, एवढेही त्याच्या व्याख्येत बसते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातील मुख्य दंडात्मक तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या, पण तो निकाल नाशिकला लागू नाही. म्हणून पोलिसांशी बोलताना ‘भिकारी’ हा शब्द सैलपणे वापरू नये. गाडीतला माणूस रजया विकतो, रिक्षा चालवतो, रुग्णाची सोबत करतो, असे जे खरे असेल ते स्पष्ट सांगावे.

पदपथवासीयांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा ओल्गा टेलिस निकाल आधाराला घेतला जातो. त्यात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कात येतो असे म्हटले. पदपथ अडवून राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही, आणि मुंबईतली ती घरे त्या वर्षीचा पावसाळा सरून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, हलवू नयेत असे सांगितले. खटला झोपड्यांचा होता, मोटारींचा नव्हता. तरी हटवायचे तर रीतसर हटवावे आणि भर पावसात हटवू नये, एवढा विवेक त्यातून वसाहतीने घ्यायला हरकत नाही.

निवारा केंद्र आणि तिथे न जाण्याची कारणे

शहरी बेघरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा, चोवीस तास चालणारा निवारा असावा, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयातील अन्न अधिकाराच्या खटल्याच्या ओघात पुढे आले आणि नंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत समाविष्ट झाले. नाशिक महापालिका हद्दीची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १४ लाख ८६ हजार होती. म्हणजे त्याच आकड्याने धरले तरी सुमारे पंधरा निवारे हवेत. आपल्या विभागात कोणते केंद्र चालू आहे, तिथे कुटुंबाला जागा आहे की फक्त पुरुषांना, हे शरणपूर रस्त्यावरील राजीव गांधी भवनातून किंवा पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक, सातपूर, नाशिक पूर्व व पश्चिम या सहा विभागीय कार्यालयांपैकी आपल्या कार्यालयातून आधी विचारून घ्यावे, मगच गाडीतल्या माणसाला पत्ता सांगावा. पत्ता देऊन पाठवले आणि तिथून परत यावे लागले, तर पुढच्या वेळी तो तुमचे ऐकणार नाही.

पुष्कळदा केंद्रात जागा असूनही माणूस जात नाही. ‘सोय असून जात नाहीत, म्हणजे यांना असेच राहायचे आहे’ हा शेरा अशा वेळी हमखास ऐकू येतो. वस्तुस्थिती वेगळी असते. गाडी रस्त्यावर सोडून गेले तर माल आणि बॅटरी चोरीला जाते. नवरा-बायकोला वेगळ्या दालनांत झोपावे लागते. पहाटे पाचला भाजीपाल्याचा फेरा असतो आणि दिंडोरी रस्त्यावरचे मार्केट यार्ड गाठायचे असते. आणि गाडीत, कितीही अडचण झाली तरी, कडी आतून लावता येते. जाण्याचा आग्रह एकदा करावा, दुसऱ्यांदा आठवण द्यावी, त्यानंतर निर्णय त्याच्यावर सोडावा.

आग्रह सोडू नये अशा चार परिस्थिती आहेत. मूल एकटे किंवा उपाशी दिसले तर १०९८, बाई मारहाणीतून आली असेल तर तिच्या संमतीने १८१, आणि वृद्ध एकटे असतील तर १४५६७ या क्रमांकांवर बोलावे. मनोरुग्ण वाटणारी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती असेल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार तिला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य केंद्रात नेणे हे पोलीस ठाण्याचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. ठाण्यात टाळाटाळ झाली तर हे कलम नाव घेऊन सांगावे.

जिवाचे धोके

मदत म्हणून काय द्यावे असे लोक विचारतात आणि मग जुने कपडे देतात. त्यापेक्षा पुढील माहिती अधिक मोलाची आहे, कारण गाडीत माणसे खरोखर मरतात.

नाशिकच्या थंडीत पारा दहा अंशांखाली उतरतो आणि निफाडचा आकडा दरवर्षी बातमीत येतो. अशा रात्री बंद गाडीत कोळशाची शेगडी ठेवणे किंवा इंजिन चालू ठेवून झोपणे म्हणजे मृत्यूला बोलावणे आहे. अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, आणि डोके जड होऊन झोप लागते तीच शेवटची ठरते. काच थोडी खाली ठेवूनही शेगडी सुरक्षित होत नाही. ती बाहेरच विझवावी आणि आत दोन रजया जास्त घ्याव्यात. रजया देता येत असतील तर त्या द्याव्यात. एक जाड पुठ्ठा खालून येणारा गारठा बराच अडवतो. छोटा गॅस सिलिंडरही आत पेटवू नये.

उन्हाळ्यात उलटा धोका असतो. उन्हात उभ्या बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी वाढते, म्हणून दुपारी मूल आत झोपवून आईने पाणी आणायला जाऊ नये. वसाहतीत सावलीची जागा असेल तर दुपारपुरती ती देणे अगदी सोपे आहे.

आणि पावसाळ्यात गोदाघाट. गौरी पटांगण, म्हसोबा पटांगण आणि रामकुंडाजवळच्या मोकळ्या जागा फुकट आणि पाण्याजवळ असल्यामुळे मुक्कामाला सोयीच्या वाटतात. पण गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की थोड्याच तासांत नदी तिथे चढते. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ चे पूर नाशिककर विसरलेले नाहीत. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आले यावरून आपण पुराचा अंदाज घेतो, पण बीडहून किंवा राजस्थानातून आलेल्या कुटुंबाला तो मारुती कशासाठी पाहायचा हे ठाऊक नसते. जून ते सप्टेंबर घाटावर गाडी लावू नये, हे त्यांना स्पष्ट शब्दांत आणि पहिल्याच भेटीत सांगावे.

कागद

घर नसलेल्याला मतदार यादीत नाव घालता येत नाही हा समज चुकीचा आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार अर्जदाराने नमुना ६ मध्ये आपण जिथे झोपतो तो पत्ता लिहायचा असतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून अधिक रात्री तिथे येऊन तो माणूस खरोखर तिथे झोपतो याची खात्री करतो, आणि खात्री पटल्यास राहण्याचा लेखी पुरावा लागत नाही. एकाच जागी टिकून राहू दिले तरच हे साधते, हे दर आठवड्याला गाडी हुसकवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. रेशनसाठी ‘एक देश एक रेशन कार्ड’ व्यवस्थेत मूळ गावाचे कार्ड नाशिकच्या दुकानावरही चालते. फक्त ते आधारशी जोडलेले हवे. दुकानदार नाही म्हणाला तर सोबत जाणारा एक स्थानिक माणूस पुष्कळ फरक पाडतो.

रात्रीच्या पार्किंगची मागणी

अमेरिकेत घरभाडे न परवडल्याने मोटारीत किंवा व्हॅनमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न बराच मोठा आहे. तिथेही बंदी आणि सोय या दोन्ही वाटा चोखाळल्या गेल्या. लॉस एंजेलिसची गाडीत राहण्यावरची बंदी २०१४ मध्ये अपील न्यायालयाने संदिग्ध म्हणून रद्द केली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सार्वजनिक जागी झोपण्याबद्दल दंड करण्याचा शहरांचा अधिकार उचलून धरला. दुसरीकडे कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा येथे २००४ पासून चर्च, संस्था आणि कार्यालयांची रात्री रिकामी राहणारी वाहनतळे नोंदणी केलेल्या कुटुंबांना झोपण्यासाठी देण्याची पद्धत सुरू झाली आणि इतर शहरांनी ती उचलली. संध्याकाळी यायचे, सकाळी निघायचे, शौचालय आणि एक राखणदार, एवढीच तिची मांडणी आहे.

नाशिकला यासाठी चर्च शोधायला नको. गंगापूर रस्त्यापासून छत्रपती संभाजीनगर रस्त्यापर्यंत पसरलेल्या लॉन्स आणि मंगल कार्यालयांकडे पन्नास-शंभर गाड्यांचे पक्के वाहनतळ, शौचालये आणि वॉचमन असतो. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, म्हणजे चातुर्मासात, लग्ने नसल्याने या जागा बहुतांश ओस असतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत घाट धोक्याचा असतो. सिंहस्थासाठी शहर लाखो पाहुण्यांच्या वाहनतळाची आखणी करते, तेव्हा प्रत्येक विभागात वीस गाड्यांची कायम सोय करणे प्रशासनाला जड नाही.

मागणी करताना अर्ज विभागीय अधिकाऱ्यांच्या नावे लिहावा आणि त्याची प्रत प्रभागातील नगरसेवकांना द्यावी. त्यात जागेचा नेमका पत्ता, मालकाची लेखी संमती, रात्री नऊ ते सकाळी सात अशी वेळ, एका वेळी गाड्यांची कमाल संख्या, शौचालय व पाण्याची व्यवस्था, राखणदाराचा खर्च कोण करणार, आत स्वयंपाक न करण्याची अट, आणि तक्रार आल्यास कुणाशी बोलायचे त्याचे नाव, एवढे मुद्दे असावेत. शेजारच्या सोसायटीची हरकत येणारच. म्हणून अर्ज देण्यापूर्वीच त्यांच्या कमिटीला जागा दाखवावी आणि त्यांच्यापैकी एकाला देखरेखीत घ्यावे. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी. सुरुवातीला परवानगी एका पावसाळ्यापुरतीच मागावी, कारण कायमची मागणी फायलीत अडकते आणि चार महिन्यांची मागणी बहुधा अधिकाऱ्याच्या स्वतःच्या सहीत बसते.